अंगावरचे दूध आणि अन्नाचे वावडे

(मंडळाच्या महिला शाखेपुढे सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले व्याख्यान)



हा विषय चिटणीसबाईंनी सुचविला तेव्हा आम्ही क्षणभर घुटमळलो. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी नाट्यसंगीत, संतवाङ्मय, फार तर कलकत्त्यातील मराठी माणसाचा इतिहास, असे विषय सभेला शोभतात. तान्ह्या बाळाच्या लंगोटात दिसलेला रक्ताचा धागा हा काही व्यासपीठावर मांडण्याचा विषय नव्हे, असे कोणासही वाटेल. परंतु आमच्या दवाखान्याच्या बाकावर याच एका धाग्याने भेदरलेल्या अनेक मराठी मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांपैकी एकीची हकीकत सांगितली म्हणजे संकोच का सोडला, ते आपल्या ध्यानी येईल.

मुलगी मूळची सातारकडची. यजमानांची बदलीची नोकरी, घरात दोघेच. आई बाळंतपणासाठी आली आणि सव्वा महिना होताच परतली. त्यानंतर आठवड्याभरात बाळाच्या शीत आव आणि रक्ताचे दोन-तीन धागे दिसले. बाळ हसत होते, पीत होते, अंगाने भरत होते. पण रक्त ते रक्तच. साताऱ्याला दूरध्वनी गेला. आईने सांगितले, वातूळ सगळे बंद कर. सासूबाईंनी दूध बंद करावयास सांगितले. शेजारच्या बंगाली मावशींनी मसूर आणि वांगे यांवर बोट ठेवले. कोणा एका वैद्यकीय सल्लागाराने गहू, सोयाबीन, शेंगदाणे आणि अंडे (जे तिने जन्मात खाल्ले नव्हते!) यांची यादी लिहून दिली, आणि एवढ्यानेही न थांबल्यास अंगावरचे तोडून डब्यावर घाला असे बजावले. मुलगी आज्ञाधारक. तिने सर्वांचेच ऐकले. ती आमच्याकडे आली तेव्हा बाळ चार महिन्यांचे झाले होते, आणि दहा आठवडे ती भात, मुगाचे वरण व दुधीभोपळा यांवर राहत होती. तिचे वजन लग्नाच्या वेळच्या वजनाहूनही सहा किलो खाली उतरले होते. रक्त दिसायचे केव्हाच थांबले होते. परंतु बंद केलेली एकही गोष्ट पुन्हा सुरू करून पाहा, असे तिला कोणीही सांगितले नव्हते.

आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या शेवटच्या वाक्याविषयी आहे. पण त्याआधी थोडा पाया घातला पाहिजे.

अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालवैद्याने १९०६ साली बनविला. कोशकारांनी त्याला भारदस्त प्रतिशब्द योजिले आहेत; आम्हांस मात्र आजीचा ‘वावडे’ हा शब्दच पुरेसा वाटतो. खटकतो तो दुसरा शब्दप्रयोग. ‘बाळाला आईचे दूध लागत नाही’ हे वाक्य आपल्या घरांत सहज उच्चारले जाते, आणि ते ऐकणाऱ्या बाळंतिणीच्या मनात आपल्या दुधातच काही विष आहे अशी भावना घर करते. वस्तुस्थिती तशी नाही. आईच्या स्वतःच्या दुधाचे वावडे हा प्रकार आम्ही आमच्या सबंध व्यवसायात पाहिलेला नाही. वावडे असते ते आईने खाल्लेल्या अन्नातील प्रथिनाच्या एखाद्या कणाचे. तो कण पचनातून निसटून रक्तात व रक्तातून दुधात उतरतो. १९२१ साली अमेरिकेत शॅनन या वैद्याने गिनिपिगांवर प्रयोग करून असे घडते, हे दाखविले. पुढे मोजमापाची साधने सूक्ष्म झाली, तेव्हा गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन काही मातांच्या दुधात आढळले. मानवी दुधात ते मुळात नसतेच. त्याचे प्रमाणही एका मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढेच. बहुसंख्य बाळे ते निमूटपणे पचवितात, किंबहुना त्यातूनच त्यांचे शरीर परक्या अन्नाशी ओळख करून घेते. थोड्या बाळांच्या आतड्यास मात्र ही ओळख मानवत नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे ही गोष्ट वेगळी. आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असते, गाईच्या दुधाहून अधिक. आणि ते स्तनातच तयार होते. आईने दूध प्याले काय न प्याले काय, त्यात फरक पडत नाही. म्हणून आईने ‘लॅक्टोजविरहित’ दूध विकत आणून पिणे हा निव्वळ खर्च आहे. कारण त्यातील प्रथिन जसेच्या तसे असते. शेळीचे व म्हशीचे दूध घेऊनही सुटका नाही, त्यांची प्रथिने गाईच्या प्रथिनांची सख्खी भावंडेच. अलीकडे देशी गाईच्या ‘ए-टू’ दुधाचा मोठा बोलबाला आहे. तो भेद दुसऱ्या एका प्रथिनापुरता आहे, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन त्यातही आहेच.

हे वावडे ओळखावे कसे? नेहमीचे चित्र म्हणजे दोन ते आठ आठवड्यांचे, एरवी धडधाकट बाळ, आणि शीत आव व रक्ताचे धागे. कधी जोडीला चिवट इसब असते. परंतु केवळ रडणे म्हणजे वावडे नव्हे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्याच बाळांचे रडणे शिगेला पोहोचते. हिरवी शी, दिवसातून आठ वेळा शी, दूध फेसकटणे, यांपैकी कशावरही आईचे ताट काढून घेऊ नये. रक्त दिसले तरी आधी दुसरी कारणे पाहावीत. गुदद्वाराशी चीर असते, आईच्या स्तनाग्रास भेग पडून तिचेच रक्त बाळाच्या पोटात जाते, जंतुसंसर्ग असतो. फिनलंडमधील वैद्यांनी शीतून रक्त जाणाऱ्या ४० तान्ह्या बाळांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांतील अवघ्या ७ बाळांस दुधाचे वावडे असल्याचे सिद्ध झाले. बहुतेकांचे रक्त आपोआप थांबले होते. आपले बाळ हसते-खेळते असेल व वजन वाढत असेल, तर धाग्यासाठी चार दिवस थांबून पाहण्यास हरकत नसते.

थांबू नये अशीही वेळ असते, ती आताच सांगून टाकतो. ओकारी हिरवी होत असेल, पोट फुगून कडक झाले असेल, बाळ मध्येच कळवळून पाय पोटाशी घेत असेल व मध्येच निपचित पडत असेल, शी जांभळाच्या मुरंब्यासारखी लालसर गोळा होत असेल, किंवा अंगावर गांधी उठून ओठ सुजत असतील, श्वास घरघरत असेल, तर दूरध्वनीवर साताऱ्यास न विचारता रुग्णालय गाठावे. जन्मानंतर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न मिळालेल्या बाळाचे कोणतेही रक्त हीही तातडीचीच बाब होय.

रक्तचाचणीने निदान होईल काय, असे पुष्कळ बाप विचारतात. बापांचा यंत्रांवर विश्वास अधिक. आतड्यापुरत्या मर्यादित अशा या प्रकारात त्वचेची व रक्ताची चाचणी बहुधा निकामी ठरते. एका थेंबात शंभर अन्नांचा निवाडा देण्याचा जो दावा केला जातो, त्यातील आयजीजी प्रतिद्रव्ये फार तर ते अन्न पूर्वी पोटात गेले होते एवढेच सांगतात.

खरी चाचणी स्वयंपाकघरात होते, आणि तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आईने एकच वस्तू, आणि प्रथम दूधच, दोन ते चार आठवडे पूर्णपणे वर्ज्य करावी. बाळाचे अंगावर पिणे अखंड चालू राहावे. सुधारणा झाली नाही, तर दुधाचा संबंध बहुधा नाही असे समजून आईने सुखाने दूध पिऊ लागावे, व पुढील विचार वैद्यासह करावा. सुधारणा झाली तर दुसरा भाग येतो, आणि तो जवळजवळ कोणीच पार पाडत नाही: वर्ज्य केलेली वस्तू आईने पुन्हा खाऊन पाहावी. आठवड्याच्या आत लक्षणे परतली, तर वावडे खरे. परतली नाहीत, तर रक्त आपल्या मनाने थांबले होते आणि श्रेय आपण पथ्यास देत होतो. वर्ज्य करणे हा प्रश्न आहे, पुन्हा खाणे हे उत्तर. प्रश्न विचारून उत्तरापूर्वीच उठून जाणारा विद्यार्थी आपण परीक्षेत पास करीत नाही. (गांधी, सूज, श्वास अशी तडकाफडकी लक्षणे ज्याला झाली, त्याच्या बाबतीत हा प्रयोग घरी करू नये, तो वैद्यासमोरच व्हावा.)

दूध वर्ज्य करणे ऐकावयास सोपे. महाराष्ट्रीय घरात ते किती बिकट, हे आपणांस सांगावयास नको. पेलाभर दूध सोडले म्हणजे झाले, अशी समजूत असते. परंतु विरजल्याने प्रथिन नाहीसे होत नाही, म्हणून दही, ताक, कढी आणि दही घातलेली कोशिंबीर ही सगळी गेलीच. बारशाचे पेढे गेले. कलकत्त्यात राहणाऱ्यास संदेश, रसगुल्ला व मिष्टी दोई; दिल्लीकडच्या आपल्या बांधवांस पनीर. पाव आणि बिस्किटांत दुधाची भुकटी असते. भारतात २०२० च्या वेष्टन-नियमांनुसार दूध, अंडे, शेंगदाणा, सोयाबीन इत्यादी घटक असल्यास तसे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले आहे. ते बारीक अक्षर वाचण्याचे काम यजमानांकडे सोपवावे. तुपाविषयी हमखास वाद होतो. लोणी कढविताना प्रथिने बव्हंशी बेरीत उतरतात हे खरे, तरी तुपात अंश राहू शकतो. तेव्हा परीक्षेच्या त्या दोन-चार आठवड्यांपुरते तूपही दूर ठेवावे, म्हणजे निकालात संशय उरत नाही.

मग बाळंतिणीने खावे काय? आपल्या आज्यांनी याचे उत्तर नकळत देऊन ठेवले आहे. अळिवाची खीर दुधातली. पण अळिवाचे लाडू नारळाच्या पाण्यात अळीव भिजवून, खवलेले खोबरे व गूळ घालून होतात, त्यात दुधाचा थेंब नसतो. डिंक खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलातही फुलतो. मेतकूट-भात, बाजरीची भाकरी व लसणाची चटणी, तिळाची चटणी, शेपूची भाजी, बाळंतशेपा, खारीक: या सर्वांस पूर्ण मुभा आहे. नाचणीचे सत्त्व नारळाच्या दुधात शिजवावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पाजणाऱ्या आईला ते दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे कोष्टक सांगते. म्हणून दूध बंद असेतो कॅल्शियमची गोळीही घ्यावीच. त्याच कोष्टकाप्रमाणे पहिले सहा महिने तिला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या हव्यात. ज्या काळात अधिक खावे त्याच काळात आपण तिचे ताट रिकामे करतो.

याहून गंभीर गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी स्त्रीला ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते, आणि आपल्याकडे अनेकींचा साठा आधीच तुटपुंजा असतो. अशा आईचे दूध महिनोन्‌महिने बंद केले, तर तिच्या अंगावरच्या दुधातील बी-१२ आटते. बाळ पांढुरके पडते, हसेनासे होते, सावरलेली मान पुन्हा टाकते, हातांची पेरे काळवंडतात आणि पुढे हातपाय थरथरू लागतात. शीतील रक्ताचा धागा बाळाच्या मेंदूला कधी इजा करीत नाही. त्याच्या नावाने केलेले पथ्य करू शकते. म्हणून शाकाहारी आईचे दूध बंद करण्याचा सल्ला जो देईल, त्याने त्याच कागदावर बी-१२ लिहून दिले नाही, तर ते मागून घ्यावे.

त्या सातारकडच्या मुलीच्या रक्तात बी-१२ कमी निघाले, बाळाच्याही. बाळ पांढुरके व काहीसे मंद दिसत होते. दोघांस औषध सुरू केले आणि मग एकेक अन्न परत आणले. प्रथम गव्हाची पोळी. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आले, असे तिच्या यजमानांनी आम्हांस सांगितले. चार-चार दिवसांच्या अंतराने तूरडाळ, शेंगदाण्याचा कूट, सोयाबीन, मसूर, वांगे. बाळास कशानेही काही झाले नाही. सर्वांत शेवटी दूध. तिसऱ्या दिवशी धागा दिसला. तेव्हा सासूबाईंचे निदान खरे ठरले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण बाकीची सगळी उपासमार व्यर्थ गेली होती.

आम्ही तिला आणखी एक प्रश्न विचारला: जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला वरचे काही दिले होते का? ‘दूध उतरले नव्हते म्हणून दोन रात्री डब्याचे दिले,’ असे उत्तर आले. हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे १९८५ साली जन्मलेल्या १७४९ बालकांचा मागोवा घेऊन १९८८ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३९ बालकांस गाईच्या दुधाचे वावडे निघाले, आणि त्यांतील ९ बाळे निव्वळ अंगावर पिणारी होती. जुने कागद तपासता दिसले की, त्या नवांच्या नवांना पहिल्या तीन दिवसांत प्रसूतिगृहात गाईच्या दुधाचा डबा पाजला गेला होता. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण वरचे दूध पाजलेल्या इतर बाळांना काही झाले नाही. परंतु २०१९ साली जपानमध्ये, घराण्यात अशी प्रवृत्ती असलेल्या ३१२ नवजात बालकांवरील प्रयोगातही पहिले तीन दिवस डबा टाळलेल्यांत वावडे कमी आढळले. चीक पिळून टाकून गाईचे दूध पाणी घालून बोंडल्याने पाजण्याची रीत आपल्याकडे होती. तिची जागा डब्याने घेतली, एवढाच काय तो सुधारणेचा फरक. वैद्यकीय कारण असेल तर वरचे द्यावेच लागते. पण ‘अजून दूध उतरले नाही’ हे दुसऱ्या दिवशी कारण नव्हे. त्या दिवशी उतरतो तो चीक, आणि तो चमचाभरच पुरतो.

डब्याविषयी बोलणे निघालेच आहे, तर तेही सांगतो. प्रथिने फोडून तयार केलेले खास डबे असतात, ते महाग असतात, आणि काही मोजक्या बाळांना खरोखर लागतात. अंगावर पिणाऱ्या बाळास ते क्वचितच लागतात, कारण आईच्या ताटात बदल केला की काम होते. तरीही इंग्लंडमध्ये अशा डब्यांच्या चिठ्ठ्या २००६ साली सुमारे १ लाख ५ हजार होत्या, त्या २०१६ साली ६ लाखांवर गेल्याचे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ साली दाखवून दिले. बाळांची आतडी दहा वर्षांत इतकी बिघडली, असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे १९९२ चा कायदा बालदुग्धाच्या जाहिरातीस मनाई करतो. तो उत्तम आहे. पण चिठ्ठी लिहिणारा हात आमच्याच व्यवसायाचा असतो, हे आम्ही विसरत नाही.

आमच्या व्यवसायाची चूक सांगावयास बसलो आहोत, तर आमची स्वतःचीही सांगितली पाहिजे. २००० सालच्या अमेरिकन सल्ल्याच्या प्रभावाखाली आम्हीही, घराण्यात दमा-इसब असलेल्या गर्भवतींस व पाजणाऱ्या मातांस शेंगदाणे टाळावयास सांगत असू. महाराष्ट्रीय स्त्रीला दाण्याचा कूट सोडावयास सांगणे म्हणजे काय, हे ज्याने साबुदाण्याची खिचडी केली आहे त्यालाच कळेल! २००८ साली तो सल्ला पुराव्याअभावी मागे घेण्यात आला. २०१५ साली लंडनमधील ६४० बाळांच्या प्रयोगाने तर उलटेच दाखविले. ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी वावडे सुमारे ३ टक्के. ज्यांना टाळावयास लावले त्यांच्यात सुमारे १७ टक्के. तेव्हा पुढे वावडे होईल या भीतीने निरोगी बाळाच्या आईने काहीही सोडू नये. सहा महिन्यांनी उष्टावणानंतर बाळालाही बारीक कूट पातळ करून चाटवावा. अख्खा दाणा मात्र लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी वैद्यास विचारावे.

वावडे खरे ठरलेल्या बाळांचे पुढे काय होते, हा प्रश्न चिटणीसबाईंनी लिहून पाठविला आहे. आतड्याचा हा प्रकार बहुतेक बाळांत वर्षाच्या आतबाहेर आपणहून मावळतो. म्हणून दर काही महिन्यांनी आईने पुन्हा खाऊन पाहावे.

त्या मुलीने बाळ नऊ महिन्यांचे असताना पुन्हा दूध घेऊन पाहिले. आठवडा गेला, काही झाले नाही. अकराव्या महिन्यात बाळाने स्वतः दहीभात खाल्ला, आणि ताटलीही पालथी केली. त्या महिन्यात साताऱ्याच्या आजीने पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने येणाऱ्या कोणा परिचितांबरोबर लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा पाठविला. त्यातले चार लाडू आमच्याकडेही पोहोचले. या खेपेस ते तुपातले होते.